यलंदूला गेलेला खापरपणजा

(बीड जिल्ह्यातल्या वनहक्क दावेदारांच्या शिबिरात आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. लिहून काढताना बोली शक्यतो तशीच ठेवली आहे. वस्तीवर वाचून दाखवावं.)



मला सांगितलं होतं, पुरावे कसे गोळा करायचे त्यावर बोल. पण नुसती यादी वाचून दाखवली की तुम्ही झोपाल, आणि कोयत्यावरून आलेल्या माणसाला झोप लागली तर त्याचा दोष नाही. म्हणून मी माझ्याच घरची गोष्ट सांगते. यादी त्यातच येईल.

आमची वस्ती बालाघाटाच्या डोंगरात, आष्टी तालुक्यात. भिल्लांची वीस-बावीस घरं. मी बारावीपर्यंत शिकले. आमच्या घरात एक शब्द होता, यलंदू. कुणी गेला आणि परत आलाच नाही, तर आजी म्हणायची, "गेला यलंदूला." लेकरू रानात उशिरापर्यंत राहिलं तरी हेच, "यलंदूला गेलं व्हतं का रं?" मला वाटायचं, यलंदू म्हणजे भूत असंल, नाहीतर मसणवटा असंल. कुणाला विचारलंच नाही. घरातल्या शब्दाला कोण विचारतं?

मग आमचा दावा आला. डोंगराच्या पायथ्याची चार एकर. बाप कसतो, आजा कसायचा, त्याचा बापही कसायचा. ग्रामसभेनं ठराव केला, कागद वर गेला आणि फेटाळून परत आला. कारण दोन ओळींचं. एक, पाहणीच्या वेळी दावेदार जागेवर हजर नव्हता. दोन, जुन्या वहिवाटीचा पुरावा नाही.

हजर कसे असणार? तारीख पडली पौषात. बीड जिल्ह्यात पौषात भिल्लाच्या, वंजाऱ्याच्या, दलिताच्या वस्तीवर कोण असतं? म्हातारी माणसं, शेळ्या आन् शाळेतली चार लेकरं. बाकी सगळे कारखान्याच्या फडात, कोपीत. दसऱ्याला उचल घेऊन जायचं आणि पट्टा पडला की पाडव्याच्या आसपास परतायचं. माय-बाप गेले होते. आजी एकटी होती. तिला पंचांनी विचारलं, "मालक कुठंय?" तर ती म्हणाली, "गेलाय." झालं. गेलाय म्हणजे नाही.

मी वहीपेन घेऊन आजीसमोर बसले. म्हटलं, सांग, आपण इथं कधीपासून? तुझ्या नवऱ्याचा बाप कोण, त्याचा बाप कोण? सांगता सांगता ती म्हणाली, "सासऱ्याचा बाप आन् त्येचा भाऊ मोठ्या दुष्काळात गेले. दगड पेटतो तिथं. जमिनीच्या पोटात उतरायचं. सासऱ्याचा बाप आला माघारी. भाऊ यलंदूलाच राह्यला."

म्हणजे यलंदू हे गाव होतं!

तेवढ्यात माझा चुलता आत आला. म्हणाला, "गप बस म्हातारे. आन् तू बी लिहू नको ते. आपण बाहेरून आलो आसं म्हणतील. दाखला बी जाईल, दावा बी जाईल." माझा पेन तिथंच थांबला.

हा चुलत्याचा धाक खोटा नव्हता. आपल्यातल्या लई लोकांच्या घरात हाच धाक आहे. कुठं गेलो होतो ते सांगायचं नाही. पोलीस विचारतो "मूळचा कुठला?", फॉरेस्टवाला विचारतो "मूळचा कुठला?", दाखल्याच्या खिडकीवरचा साहेब विचारतो "मूळचा कुठला?" म्हणून आपले म्हातारे अर्धी गोष्ट गिळून मेले. पोरांना फक्त शब्द राहिला, यलंदू.

मी आधी तो शब्द शोधला. कॉलेजात जाणाऱ्या एका मैत्रिणीकडून नकाशाचं पुस्तक आणलं. बीडमध्ये नाही. परभणी, नांदेडमध्ये नाही. तिकडं तेलंगणात, खम्ममच्या बाजूला सापडलं. येल्लंदू. शेजारीच सिंगरेणी. कोळशाचा मुलूख.

आता तुम्ही म्हणाल, बीडचा माणूस तिकडं कसा जाईल? मलाही तसंच वाटलं. पण १९४८ पर्यंत बीड आणि येल्लंदू दोन्ही एकाच राज्यात होते, निजामाच्या. येल्लंदूचा कोळसा भूगर्भ खात्याच्या किंग नावाच्या साहेबानं १८७१ साली शोधला. १८८६ साली निजाम सरकारनं आपल्या राज्यातली खनिजं काढायचा हक्क वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना दिला. त्यातून लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. शेअर विकण्यात एवढा घोटाळा गाजला की १८८८ साली विलायतेच्या पार्लमेंटनं चौकशी समिती नेमली. समितीत काय विचारलं गेलं? शेअर कुणी घेतले, पैसा कुणी खाल्ला. ज्यांच्या जंगलाखाली कोळसा होता त्या कोया आदिवासींना कुणी विचारलं नाही. १८८९ साली कोळसा निघायला लागला. १९२० साली कंपनीचं नाव सिंगरेणी कॉलरीज झालं. आजही ती कंपनी चालू आहे.

दुसरी गोष्ट रेल्वेची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सिकंदराबादला जाणारी लाईन १९०० च्या आसपास सुरू झाली. आणि १८९९-१९०० मध्येच मोठा दुष्काळ पडला. इकडं रानात दाणा नाही, तिकडं जालन्यापर्यंत चालत गेलं की गाडी. तुम्ही बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. खडी फोडायला कुठंकुठं गेलात, सुकडी खाल्ली, ते आठवा. माणूस पोटामागं किती लांब जातो ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट दगडाची. आपला बीडचा डोंगर सगळा काळा पाषाण. त्यात कोळसा नाही, लोखंडाची खाण नाही. म्हणजे "दगड पेटतो" हे आजीनं किंवा तिच्या सासऱ्यानं इथं बघून सांगितलेलं नाही. ज्यानं कोळसा पाहिला त्याच्याच तोंडून ते आलं असणार.

पण थांबा. एवढ्यावर मी म्हणू का की माझा खापरपणजा सिंगरेणीच्या खाणीत होता? नाही म्हणता येत. कोळसा तर चांदा जिल्ह्यात वरोऱ्यालाही निघायचा, ती खाण इंग्रज सरकारची होती आणि १९०६ साली बंद पडली. निजामाच्याच हद्दीत राजुऱ्याकडं सास्तीलाही कोळसा. कदाचित तो खाणीत गेलाच नसेल, रेल्वेच्या कामावर असेल आणि खाणीची गोष्ट दुसऱ्याची ऐकून आला असेल. घरात एक लोखंडी दिवा आहे, वर आकडा असलेला. चुलती म्हणते तो खाणीतलाच. मी म्हणते, चुलते, असा दिवा कुठल्याही बाजारात मिळत असेल. दिवा बोलत नाही.

जनगणनेचे जुने छापील अहवाल आहेत. त्यात भिल्ल किती, कोया किती, खाणकामगार किती, हे आहे. नाव एकाचंही नाही. आपली माणसं आकड्यात आहेत, नावात नाहीत. मोठ्या घरांच्या पिढ्या नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत लिहिलेल्या असतात. आपण कधी तिकडं पिंड पाडायला गेलो नाही, म्हणून त्या वहीत आपण नाही.

म्हणून मी वहीत असं लिहिलं: "घरातली गोष्ट अशी आहे. येल्लंदू हे गाव खरंच आहे, तिथं त्या वेळी खाण होती, आणि जायला रस्ताही होता. कागद मिळालेला नाही." बस. त्यापुढं एक अक्षर नाही. आजकाल दलाल फिरतात. पैसे द्या, वंशावळ बनवून देतो, राजाच्या वंशाशी नेऊन जोडतो. साथींनो, खोटा पणजोबा लावून घेऊ नका. एक नाव खोटं निघालं की खरी दहा नावंही खोटी ठरवतात. आणि आपल्याला राजा कशाला पाहिजे? दुष्काळात चालत गेलेला आणि परत आपल्या रानात आलेला माणूस पुरे.

आता चुलत्याच्या धाकाकडं येते. खाणीवर गेला म्हणून हक्क जातो का?

मी कायदा वाचला. समजला नाही तिथं शिबिरातल्या वकीलताईंना विचारलं. २००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो? अनुसूचित जमातीचा माणूस असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन त्याच्या ताब्यात पाहिजे आणि आजही पाहिजे. कमाल चार हेक्टर. जे आदिवासी नाहीत पण जंगलावर जगतात, त्यांना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवावी लागतात. आदिवासीला पंचाहत्तर वर्षांची अट नाही. तरी आपल्याकडं ती मागतात आणि आपण देत बसतो. जातीच्या दाखल्याचं वेगळं आहे. तिथं ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची, त्याच्या आधी आपलं घर इथं होतं हे दाखवावं लागतं. माझा खापरपणजा त्याच्या कितीतरी आधी माघारी आला होता.

आणि कामाला जाणं म्हणजे जमीन सोडणं नव्हे. असं असतं तर बीड जिल्ह्यात एकाही माणसाची जमीन राहिली नसती! पाटलाचा पोरगा पुण्याला कंपनीत असतो, त्याचा सातबारा कोरा होतो का? मग आपण फडात गेलो की आपला ताबा कसा जातो?

मला तर खाण आणि फड यात लई फरक दिसत नाही. खाणीवरही मुकादमानंच माणसं न्यायची, आधी हातावर पैसा ठेवायचा. त्या काळच्या कोळशाच्या खाणींत बायाही उतरायच्या. पुरुषानं कोळसा फोडायचा, बाईनं टोपल्यानं वाहायचा. इंग्रज सरकारनं १९२९ साली बायांना जमिनीखाली न्यायला टप्प्याटप्प्यानं बंदी घालायचं ठरवलं. पण महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ साली बंदी उठवली आणि १९४६ साली परत घातली. म्हणजे बाईचा जीव कोळशाच्या भावावर. आज आपल्याकडं काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. हिशोबात मात्र तिचं नाव नाही. आजीनं खापरपणज्याचं सांगितलं. खापरपणजी त्याच्याबरोबर गेली होती का, हे तिलाही ठाऊक नाही. कुणी सांगितलंच नाही. मी वहीत तिच्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे. तुम्हीही सोडा. वंशावळीत नुसते बापच लिहू नका.

आता कागदाचं सांगते, हे नीट ऐका.

खाणीचा शोध घेताना मी जुने कागद हुडकायला शिकले, आणि खाणीचा कागद मिळाला नाही पण जमिनीचा मिळाला. तहसीलच्या रेकॉर्डात नकलेचा अर्ज केला. तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी म्हणाले, जळालं. दुसऱ्या वेळी म्हणाले, वाळवी लागली. तिसऱ्या वेळी आम्ही अकरा बाया गेलो, तर सापडलं! १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. आपल्या मराठवाड्यात हा कागद लई मोलाचा आहे, कारण त्यात प्रत्यक्ष कोण कसत होतं तेही लिहिलंय. आमच्या नंबरापुढं "सरकारी" आहे, आणि कसणाऱ्याच्या रकान्यात माझ्या पणज्याचं नाव. नावापुढं आडनाव नाही. फक्त "भिल". शिवी दिल्यासारखं लिहिलंय, पण आज तेच कामाला आलं.

त्याच्या आधीचे काही कागद उर्दूत होते, काही मोडीत. तालुक्याच्या गावी एक रिटायर उर्दू शिक्षक आहेत. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचून दिली, चहासुद्धा आमचा घेतला नाही. जुन्या निजामी कागदावर साल फसली असतं. भिऊ नका. फसली सालात ५९० मिळवा, आपलं इंग्रजी साल येतं, एखादं वर्ष मागंपुढं. १३४७ फसली म्हणजे १९३७. कागदावर १३ नं सुरू होणारं साल दिसलं म्हणून फेकून देऊ नका.

मग आजीनं पत्र्याची पेटी उघडली. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या. आज्याला अतिक्रमणाचा गुन्हा लावून दंड केला होता, त्या. आज्यानं लाजेनं लपवून ठेवल्या होत्या. अहो, ज्या जमिनीत तो कसत होता म्हणून दंड झाला, त्या जमिनीत तो कसत होता याचा याहून मोठा पुरावा कुठला? सरकारनंच सही करून दिलाय. ज्यांच्या घरात अशा पावत्या आहेत त्यांनी त्या आज रात्री देव्हाऱ्यात ठेवा.

नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. कागद आहेत, तसे डोळ्यांनी दिसणारेही आहेत. जुनी विहीर, बांध, ताल, घराचं जोतं, माणसं पुरल्याची जागा, देवाचं ठाणं. वंशावळ आहे, जुन्या कागदातल्या माणसापर्यंत आपण कसे पोचतो ती. आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी सांगणं. आमच्यासाठी शेजारच्या वाडीच्या एका धनगर बाबांनी जबाब दिला. ऐंशीच्या पुढं वय. ते म्हणाले, "लहानपणी मेंढरं घेऊन यायचो तवा ह्यांच्या झिऱ्यावर पाणी पाजायचो." अंगठा उठवला. त्यांचा आमचा चाऱ्यावरून भांडणतंटा झालेला आहे, तरी खरं ते बोलले. २०१२ च्या दुरुस्तीत हेही आलंय की अमुकच एक कागद आणा असा हट्ट धरून दावा फेटाळता येत नाही. आणि पाहणीची सूचना दावेदाराला आधी मिळालीच पाहिजे. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या: पाहणी पाडव्यानंतर, लोक गावी आल्यावर. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि साठ दिवसांत अपील करा. साठ दिवस फडातच निघून जातात, म्हणून मागं राहणाऱ्या एखाद्या शिकलेल्या पोराकडं, पोरीकडं ते काम सोपवून जा.

आमचं अपील गेलंय. निकाल लागलेला नाही. मी तुम्हाला जिंकल्याची गोष्ट सांगत नाही. पण या वेळी अर्जाला जोडलेल्या वंशावळीत खापरपणज्याच्या नावापुढं मी लिहिलं: "दुष्काळात मजुरीस बाहेर, नंतर परत." चुलत्यानं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "भावाचं बी लिही." म्हटलं, तात्या, त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तर म्हणाला, "नाव नसंल तर नुसतं भाऊ लिही. व्हता ना तो." मी लिहिलं. भाऊ, येल्लंदूला राहिला.

साथींनो, ही गोष्ट जुनी म्हणून सोडू नका. गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर आहे, तिथले माडिया गोंड तिथं ठाकूरदेव मानतात, आणि त्याच डोंगरात लोखंड आहे. डोंगर कुणाचा, हा प्रश्न तिथं आज उभा आहे. ओरिसात नियमगिरीचा डोंगर. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या. १८८६ साली कुणाला विचारलं नव्हतं, २०१३ साली विचारावं लागलं. मधल्या सव्वाशे वर्षांत लोक लढले म्हणून हे झालं. पण ग्रामसभेत उभं राहून "हा डोंगर आमचा" म्हणायचं तर आपण कोण, कुठून आलो, कुठं जाऊन परत आलो, हे आपल्याला माहीत पाहिजे. नाहीतर समोरचा विचारतो "मूळचा कुठला?" आणि आपण खाली बघतो.

आता काम सांगते. घरी गेल्यावर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आधी नावं विचारा, बायांची बी. मग विचारा, कोण कुठं गेलं होतं. खाण, रेल्वे, धरण, खडी, फड, जे असेल ते. जसं सांगतील तसं लिहा, तारीख घाला, आणि लिहिणाऱ्याचं व ऐकणाऱ्याचं नाव घाला. गोष्ट गोष्टीच्या पानावर, कागद कागदाच्या पानावर, दोन्ही मिसळू नका. घरातला जो शब्द कुणाला कळत नाही तो तर आधी लिहा. पेटी उघडा. पावत्या शोधा. लिहिता येत नसेल तर पुढच्या बैठकीला म्हाताऱ्यांनाच घेऊन या, आम्ही लिहून घेऊ.

यंदा कोयत्यावर जायच्या आधी हे करा. कारण आपण परत येऊ, पण म्हातारी माणसं तोवर राहतीलच असं नाही. माझी आजी आता लई थकली आहे. परवा तिला सांगितलं, आजे, यलंदू सापडलं, नकाशात आहे. ती म्हणाली, "मग तिथं इचार, आमचं माणूस कुठं पुरलं ते."

ते अजून विचारायचं राहिलंय.

जिंदाबाद!